खाडीपासून माळापर्यंत



भूगोलाच्या तासाला एक प्रश्न मी वर्षानुवर्षे विचारीत आलो. "उष्ण कटिबंधातल्या प्रदेशांची नावे सांगा." मुले हात वर करीत आणि सांगत: ब्राझील, कांगो, जावा, सुमात्रा. एवढ्या वर्षांत एकाही मुलाने "आपला गाव, गुरुजी," असे उत्तर दिले नाही. मुलांचा त्यात दोष नाही. मीही त्यांना ते कधी सांगितले नव्हते. कर्कवृत्त जाते तिकडे वर मध्य प्रदेशातून, आणि त्याच्या खाली आपण सगळे. उभा महाराष्ट्र उष्ण कटिबंधातच आहे. पण पुस्तकातल्या चित्रात वेली लोंबणारे घनदाट जंगल असते आणि आपल्या गावाबाहेर असतो उघडा कातळ, तेव्हा हे दोन्ही एकाच पट्ट्यातले आहेत हे मुलाला पटावे कसे?

म्हणून आज मी तुम्हाला एका सहलीला घेऊन जाणार आहे. वाट फार लांबची नाही. वेंगुर्ल्याच्या खाडीवरून निघायचे, सावंतवाडीवरून आंबोलीचा घाट चढायचा आणि पलीकडे गडहिंग्लजला उतरायचे. सव्वाशे किलोमीटरांच्या आसपास अंतर, एस.टी.ने एका दिवसात होणारे. दिवस धरू भाद्रपदाच्या वद्य पक्षातला. गणपती गेलेले आहेत, पावसाचा जोर ओसरला आहे आणि रान अजून हिरवे आहे.

सकाळी आपण मांडवी खाडीच्या काठावर आहोत. ओहोटी लागलेली आहे. इथे बचतगटाच्या बायकांनी काही वर्षांपूर्वी एक चांगले काम सुरू केले; पाहुण्यांना होडीत बसवून त्या स्वतः वल्हे मारीत कांदळवन दाखवू लागल्या. ज्या चिखलात त्यांच्या आयांनी कालवे आणि कुर्ल्या शोधल्या, त्याच चिखलाची माहिती त्या सांगतात, आणि मी आजवर ऐकलेल्या पुष्कळ व्याख्यानांपेक्षा चांगली सांगतात. होडी काठाला लागली की पहिल्यांदा मुळे पाहा. कांदळाच्या झाडाला बुंध्यापासून कमानीसारखी मुळे फुटून चिखलात उतरली आहेत, जणू झाड कुबड्या घेऊन उभे आहे. त्याच्या शेजारच्या तिवराची तऱ्हा निराळी. त्याच्याभोवती चिखलातून बोटाबोटाएवढे खुंट वर आले आहेत, शेकड्यांनी. ती मुळेच आहेत, पण खाली जायचे सोडून वर आलेली. का बरे? चिखलात हवा नाही. मुळांना श्वास तर घ्यायचा आहे. तेव्हा ओहोटीच्या वेळी ती नाक बाहेर काढून हवा घेतात आणि भरती आली की गप्प राहतात.

आता तिवराचे एक पान तोडा. एकच, बरे का. जिभेला लावून पाहा. खारट लागते ना? समुद्राचे मीठ झाडाने पाण्याबरोबर आत घेतले आणि पानावाटे बाहेर टाकले. उन्हात पानावर त्याचे कण चमकतात. कांदळाची तर आणखी गंमत. त्याचे बी जमिनीवर पडून रुजत नाही. चिखलात पडले तर पाणी वाहून नेईल म्हणून ते झाडावरच, आईच्या कडेवर असतानाच रुजते, शेवग्याच्या शेंगेसारखे लांब होते आणि ओहोटीला सुटून भाल्यासारखे चिखलात रुतते. नाहीच रुतले तर तरंगत दुसऱ्या खाडीला जाऊन लागते. खेडोपाडीच्या शिक्षकांना माझे सांगणे आहे की 'रुजणे' हा धडा एकदा या होडीत बसून शिकवा. फळ्यावर वाटाणा काढायची गरज पडणार नाही.

या वनाला आम्ही काय मानीत होतो? चिलटांचे घर आणि सरपणाची सोय. आता मात्र काळ थोडा बदलला आहे. २०२० साली महाराष्ट्र शासनाने याच वनातल्या पांढऱ्या चिप्पीला राज्याचे कांदळवृक्ष म्हणून मान दिला. ज्याने आंबा, पिंपळ ऐकले त्याला हे नाव नवे वाटेल. पण मासळी खाणाऱ्याने या झाडाला नमस्कार करावा. कोळंबीची पिले, माशांची पोरे या मुळांच्या जाळीत दडून मोठी होतात आणि मग समुद्रात जातात. जाळी गेली की पुढची सारी रांपण हलकी.

फार वेळ रेंगाळलो. चला, गाडी पकडू.

वेंगुर्ल्याच्या आसपासचा कुठलाही चढ चढला की माड-पोफळी मागे राहतात आणि आपण एकदम उघड्यावर येतो. हा सडा. कोणी कातळ म्हणतात. सहलीतले माझे सर्वांत आवडते ठिकाण हेच, आणि सर्वांत जास्त लाज वाटावी असेही हेच. का, ते सांगतो.

सड्याचा दगड म्हणजे जांभा, ज्याचे चिरे काढून आपण घरे बांधतो. त्याला स्कॉटिश फ्रान्सिस बुकानन याने मलबारातल्या लोकांना विटांसारखा कापून वापरताना पाहिले आणि १८०७ साली लॅटिनमधल्या विटेच्या शब्दावरून 'लॅटराइट' हे नाव दिले. हा दगड उष्ण कटिबंधाचीच करणी. ऊन आणि पाऊस, ऊन आणि पाऊस, असे लाखो वर्षे चालले. पावसाने खडकातले विरघळणारे सगळे धुऊन नेले आणि मागे राहिले लोखंड आणि ॲल्युमिनियम. लोखंड गंजले म्हणून दगड लाल. आणि धुऊन गेलेल्या जागा रिकाम्या राहिल्या म्हणून तो स्पंजासारखा भोकाभोकांचा. वर पडलेला पाऊस त्या भोकांतून झिरपत जातो आणि सड्याच्या पायथ्याला झरा होऊन बाहेर येतो. सड्याखालच्या वाडीतल्या विहिरीला पाणी कुठून येते हा प्रश्न ज्याला पडला असेल, त्याने वर चढून पाहावे.

एप्रिलात हा सडा पाहाल तर भाजलेल्या तव्यासारखा. चटके बसतात. आणि आत्ता, भाद्रपदात? चपला काढून गुडघ्यांवर बसा, कारण उभ्याने काही दिसणार नाही. खळग्यात वीतभर पाणी साचले आहे. त्याच्या काठाला निळ्याजांभळ्या नाजूक फुलांचा गालिचा आहे. ही सीतेची आसवे. नाव मोठे गोड, पण झाड आहे मांसाहारी! कातळावर माती नाही आणि मातीतले खत नाही, तेव्हा हे रोप पाण्यातले डोळ्याला न दिसणारे किडे धरून खाते. मुळाशी मोहरीहूनही लहान फुगे असतात. किडा फुग्याच्या दाराला धक्का देतो, दार उघडते, पाण्याबरोबर किडा आत ओढला जातो आणि दार मिटते. हे सगळे डोळ्याचे पाते लवायच्या आत. पलीकडे दवबिंदू नावाचे दुसरे रोप, त्याच्या पानांवरच्या केसांना चिकट थेंब. तो दव समजून बसलेला चिलट उठत नाही. पांढऱ्या गुंड्यांसारखे दिसतात ते गेंद. जूनमध्ये, पहिल्या पावसानंतर आला असतात तर दीपकाडी दिसली असती. कातळाच्या भेगेतल्या कांद्यातून सरळ दांडा वर येतो आणि त्यावर पांढरी फुले लागतात. कोकण आणि लगतच्या किनाऱ्याचे सडे सोडले तर जगात ती नाही.

आता लाजेची गोष्ट. १९९१ सालच्या पावसाळ्यात आमच्या शाळेने वनमहोत्सव करायचे ठरवले. वनमहोत्सव १९५० पासून देशभर होत आला आहे आणि तो चांगलाच आहे. जागा हवी होती. गावातली शेतजमीन कोण देणार? तेव्हा मीच सुचवले की सडा मोकळा पडला आहे. सातबारावर तिथे 'पोटखराबा' असे लिहिलेले मी स्वतः वाचले होते. खराबाच तो, त्याचे काय बिघडणार? मुलांनी पहारींनी खड्डे घेतले, खालून घमेल्यांनी माती वाहिली आणि आम्ही ऑस्ट्रेलियन बाभळीची रोपे ओळीने लावली. ती लवकर वाढतात म्हणून त्या काळी सगळीकडे तीच लावीत. कार्यक्रम झाला, फोटो निघाला.

दुपारी सड्यावरून गुरे घेऊन परतणाऱ्या एका आजीने ते पाहिले. ती म्हणाली, "मास्तरानू, तुमी हय झाडां लावतास, मगे आमची गुरां खंय चरतली? आणि बावीक पाणी खंयसून येतलां?" मी हसलो. तिला झाडांचे महत्त्व समजावून सांगितले. मास्तरच मी, समजावून सांगणार नाही तर काय! तिने ऐकून घेतले आणि "बरां," म्हणून ती गेली.

पाच-सहा वर्षांत बाभळी डोक्यावर गेल्या. खाली पानांचा जाड थर साचला. ती पाने गुरे खात नाहीत आणि लवकर कुजतही नाहीत. त्याखाली गवत उगवले नाही. सीतेची आसवे, गेंद, काही नाही. त्या तुकड्यावर जूनमध्ये मी पोरांना दीपकाडी दाखवायला नेत असे. ती जागा मला नंतर सापडली नाही. विहिरीचे मी सांगू शकत नाही, त्याची नोंद कोणी ठेवली नव्हती. आजी केव्हाच वारली. तिला "तुमचे बरोबर होते" असे सांगायचे माझे राहूनच गेले.

आज सड्यावर बाभळीपेक्षा मोठी संकटे आहेत. चिरेखाणी आहेत, सुरुंग लावून सपाट केलेल्या बागा आहेत, प्लॉट पाडलेले आहेत. बाग लावू नका, चिरा काढू नका, असे मी म्हणणार नाही. पोट सर्वांना आहे आणि माझे स्वतःचे घरही चिऱ्याचेच आहे. पण कातळ एकदा कापला की तो पुन्हा उगवत नाही. शिवाय काही सड्यांवर फार जुन्या माणसांनी कोरलेली चित्रे आहेत. मालवण तालुक्यात कुडोपीला ती आहेत, रत्नागिरीकडे तर पुष्कळच. २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत कोकणातल्या या कातळशिल्पांची नोंद झाली. गाववाले ती पिढ्यान्‌पिढ्या पाहत होते. कागदावर मात्र ती जमीनही पोटखराबाच.

टिटवी ओरडते आहे, ऐकलेत? तिची अंडी उघड्या कातळावर असतात, दगडासारखीच ठिपक्यांची. पाय जपून टाका. गाडीकडे परतू.

सावंतवाडी आपण मोती तलावाच्या काठाने नुसती ओलांडू; लाकडी खेळण्यांच्या दुकानात मुले शिरली तर दिवस तिथेच संपेल. खरे तर इथून वाट वाकडी करून दोडामार्ग तालुक्यात हेवाळे-बांबर्ड्याला जावे असे फार वाटते. तिथल्या एका देवराईत गोड्या पाण्याची दलदल आहे आणि तीत रानजायफळाच्या जातीची प्रचंड झाडे उभी आहेत. त्यांची मुळे चिखलातून वर येऊन पुन्हा गुडघ्यासारखी वाकून आत जातात. सकाळचा तिवर आठवतो का? चिखल खारा असो की गोडा, श्वास घ्यायची युक्ती तीच. असली दलदल महाराष्ट्रात असेल हे शास्त्रज्ञांना अगदी अलीकडे कळले. देवाचे रान म्हणून गावाने त्यात कुऱ्हाड घातली नाही, एवढ्यावर ती टिकली. आज तेवढा वेळ नाही. दुसऱ्या खेपेला जाऊ.

घाट सुरू झाला. कान दडे बसतात, गाडी पहिल्या गिअरवर कण्हते. खिडकीजवळच्यांनी झाडांकडे लक्ष द्या. पायथ्याला ऐन आणि किंजळ आहेत, उंच आणि सरळ, उन्हाळ्यात पाने गाळणारे. मध्यावर हिरवे गर्द रान लागते, भेरली माडांचे झुलते घोस दिसतात. आणि माथ्यावर, दोन हजार फुटांच्या वर, झाडे एकदम बुटकी होतात. जांभूळ आणि अंजनी माणसाच्या दुप्पट-तिप्पट उंचीची, एकमेकांना बिलगून उभी, अंगावर शेवाळ आणि ऑर्किडे. जमीन पातळ आणि वारा दांडगा, तेव्हा उंच व्हायचे धाडस कोणी करीत नाही. पानांची टोके पाहा, पुष्कळांची लांब निमुळती आहेत, पागोळीसारखी. पाणी पानावर साचून राहू नये म्हणून ही तजवीज.

आणि पाणी तरी किती! वेंगुर्ल्याला वर्षाचा पाऊस शंभर इंचांच्या वर. आंबोलीला तो अडीचशे इंचांच्याही वर जातो. असे का होते हे मुलांना भाताच्या पातेल्यावरून सांगावे. वाफ वर जाते, गार झाकणाला लागते, तिचे पाणी होते. समुद्रावरून आलेला ओला वारा सह्याद्रीला अडतो, वर चढतो, चढता चढता गार होतो आणि सगळे पाणी इथेच ओतून मोकळा होतो. पलीकडे उतरतो तो वारा रिकामा असतो.

एवढ्या पाण्यात बेडकांचे राज्य असणारच. इथल्या कातळावर एक लहान, अंगावर पट्टे असलेला भेक राहतो. शास्त्रज्ञांनी त्याला २००९ साली नाव दिले आणि तो आंबोलीच्या परिसराबाहेर माहीत नाही. जूनच्या पहिल्या पावसात कातळावरच्या ओंजळभर पाण्यात तो अंडी घालतो. ओंजळभर पाण्यात एक जात जगाच्या पाठीवर टिकून आहे! म्हणून सांगतो, पावसाळी सहलीला येऊन कातळावर गाड्या चढवू नका. बाटल्यांच्या काचांबद्दल तर मी बोलतच नाही. धबधब्याखाली काय चालते ते तुम्ही पाहिलेलेच असेल.

आता हिरण्यकेशीच्या देवळाकडे या. गुहेतून पाण्याचा झरा बाहेर पडतो आणि पुढे कुंड आहे. या पाण्यात बोटाएवढा एक रंगीत मासा आहे. पुजारी, भाविक, पोरेबाळे सर्वांनी पाहिलेला. २०२० साली तो शास्त्राला नवा असल्याचे सिद्ध झाले आणि नदीचेच नाव त्याला मिळाले. पुढच्याच वर्षी शासनाने ही जागा जैविक वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. मासा आपल्यासमोर होता; विचारणारा यायला एवढा वेळ लागला.

इथला एक खेळ मी दर सहलीत करीत असे. घाटमाथ्यावर मुलांना उभे करायचे आणि विचारायचे, "हा थेंब तुझ्या डाव्या हातावर पडला तर कुठे जाईल आणि उजव्या हातावर पडला तर कुठे?" पश्चिमेच्या कड्यावरून घसरला तर थोड्याच वेळात अरबी समुद्रात. पूर्वेला वळला तर हिरण्यकेशी, मग घटप्रभा, मग कृष्णा, आणि सारा कर्नाटक, तेलंगण, आंध्र ओलांडून बंगालच्या उपसागरात. समुद्र मागे दिसतो आहे आणि पाणी त्याच्याकडे पाठ करून निघाले आहे! मुले यावर फार वेळ गप्प बसतात.

आपणही त्याच पाण्याबरोबर पूर्वेला उतरू. आजऱ्यापर्यंत रान आणि भाताची खाचरे, घनसाळ तांदळाचा वास. मग आकाश मोठे होऊ लागते. भात मागे पडतो, ऊस येतो, भुईमूग येतो. गडहिंग्लजला पोचेपर्यंत पावसाला पन्नास इंचांचीही मारामार. साठेक किलोमीटरांत एवढा फरक! माती काळी झाली, झाडे विरळ झाली, बाभूळ आणि बोर दिसू लागली. ही बाभूळ आपली, देशी, काट्यांची. माझ्या सड्यावरच्या पाहुणीशी तिचा संबंध नाही. पाने लहान, म्हणजे पाणी उडून जायला जागा कमी. घाटावर पाणी झटकण्यासाठी पानांना टोके होती, इथे पाणी राखण्यासाठी पानेच बारीक.

पुढे माळ लागतो. पिवळसर कुसळी गवत, वाऱ्याने एका अंगाला कललेले. चंडोल वर वर जात गातो आहे. आणि पाहा, पुन्हा टिटवी. सकाळी कातळावर भेटली तीच जात. तिला माळ आणि सडा सारखेच. माणसानेही दोघांना एकाच शब्दात बसवले आहे. इथल्या सातबारावर काय लिहिले आहे हे मी मुद्दाम सांगत नाही. पण मेंढपाळाला विचारा, पावसाळ्यात मेंढरे कुठे जगतात. गव्हाणीत नव्हे, या माळावर.

शिक्षक मित्रांनो, तुमच्या गावाला खाडी नसेल, घाटही नसेल. पण पडीक म्हटलेली एखादी जागा असणारच. वर्षातून चार वेळा, चार ऋतूंत, मुलांना तिथे न्या आणि जे दिसेल ते वहीत लिहायला लावा. स्थानिक नावेच लिहा. लॅटिन नावे मागाहून सापडतात. ती वही घेऊन ग्रामपंचायतीत जा. २००२ च्या जैविक विविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक पंचायतीत एक समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असायची आहे. ती कुठे आहे ते विचारा. कपाटात असेल तर बाहेर काढायला लावा, कोरी असेल तर मुलांच्या वहीतून भरा. खाणीचा किंवा प्लॉटचा प्रश्न ग्रामसभेपुढे आला, की 'इथे काही नाही' म्हणणाऱ्यापुढे ठेवायला एक कागद तरी असेल. १९९१ साली माझ्याजवळ असा कागद असता तर ती पहार मीच खाली ठेवली असती.

आणि ज्यांना या वाटेनेच यायचे आहे, त्यांच्यासाठी कोकणातला जुना हिशेब सांगून ठेवतो. तिथीचा आकडा घ्या, त्याची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता भरती. चतुर्थीची पाऊणपट तीन. म्हणजे पहाटे तीनला भरती आणि नऊच्या सुमाराला ओहोटी; अर्धा-एक तास इकडेतिकडे धरा. तेव्हा भाद्रपद वद्य चतुर्थीला, सकाळी आठ वाजता, मांडवीच्या खाडीवर या. छत्री आणा, डबा आणा, आणि चिखलात काढता येतील अशा चपला घालून या.